सार्वजनिक बागेत मेटल डिटेक्टरने जुनी नाणी शोधणं: कुणी केलंय का?

कोरा_कागद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मुलीने वाढदिवसाला मेटल डिटेक्टर भेट दिला आहे. नाण्यांचं वेड मला शाळेपासून, पण आजवर जमवलेली सगळी नाणी कुणाकडून तरी घेतलेली किंवा कुणीतरी दिलेली. स्वतः मातीतून काढलेलं एकही नाही. घराजवळ एक मोठी सार्वजनिक बाग आहे, शंभर वर्षांहून जुनी. मोठाले वृक्ष, मधोमध वाद्यवृंदाचा चौथरा, उतारावर हिरवळ. इतक्या वर्षांत त्या हिरवळीवर किती जण लोळले असतील आणि कुणाच्या खिशातून काय काय निसटलं असेल, हे डोक्यातून जात नाही.

बागेत असं शोधलेलं चालतं का? चालत असेल तर बागेची नासधूस न करता नाणं बाहेर कसं काढायचं? आणि ज्यांनी केलंय त्यांना खरंच काही मिळालं का? पैसे कमवायचे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या तरी हातातून पडलेलं नाणं त्यानंतर पहिल्यांदा आपल्या हातात यावं, एवढीच हौस आहे.

निशिगंध

वाचतेय. छान विषय.

लोहचुंबक

बारा वर्षं हा छंद करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल.

मिळतं, पण मनाची तयारी ठेवा. पहिल्या तीन महिन्यांत मला मिळालं ते असं: बाटल्यांची झाकणं, डबे उघडायच्या कड्या, चॉकलेटची चांदी, खिळे, एक चमचा आणि तीन-चार चालू नाणी. जुनं म्हणावं असं पहिलं नाणं चौथ्या महिन्यात, एका म्हाताऱ्या झाडाच्या सावलीच्या कडेला. सावलीची कडा मुद्दाम लिहितोय. खोडाला टेकून बसलेल्या माणसापेक्षा सावलीत अंग टाकून पडलेल्याच्या खिशातून नाणं लवकर निसटतं. उताराचा पायथाही सोडू नका, मुलं गडगडत तिथेच येऊन थांबतात. चौथऱ्याभोवतीची जागा, जुने नळ, आता वापरात नसलेल्या पायवाटा, हेही बघा. बागेचा जुना नकाशा किंवा फोटो मिळाला तर आधी तो. आज बाक जिथे आहे तिथे तो शंभर वर्षांपूर्वी असेलच असं नाही.

यंत्र धातू ओळखतं, असा समज असतो. ते वस्तूची विद्युतवाहकता आणि आकार यांचा मिळून एक अंदाज आकड्यात देतं, इतकंच. लोखंड खालच्या अंकांवर, तांबं आणि चांदी वरच्या. मधे सगळी गर्दी: अ‍ॅल्युमिनियमची कडी, सोन्याची अंगठी, निकेलची नाणी, सगळं जवळजवळ एकाच अंकावर वाजतं. कचरा नको म्हणून मधला भाग बंद केलात, तर अंगठीसुद्धा बंद होते. नाणं मातीत कडेवर उभं असेल तर आवाज तुटक येतो. नाण्याएवढी वस्तू साधारण १५ ते २० सेंटीमीटरपर्यंत नीट कळते, त्याखाली सगळं मातीवर आणि यंत्रावर अवलंबून.

कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची गोल थाळी, जमिनीला समांतर ठेवा आणि सावकाश फिरवा. नवशिके केर काढल्यासारखे दोन्ही टोकांना हात वर उचलतात, तिथे खोली हातची जाते. आणि बागेत जायच्या आधी स्वतःच्या अंगणात किंवा मोठ्या कुंडीत चार नाणी, एक खिळा, एक झाकण पुरून आठवडाभर नुसते कान तयार करा.

हिरवी_बोटं

माझं मत विरोधी आहे आणि ते स्पष्ट मांडतो. वडील सार्वजनिक बागेत माळी होते, मीही बागांच्याच कामात आहे.

वरच्या प्रतिसादात सगळं आलं, फक्त हिरवळ नाही आली. खड्डा करणारा माणूस दहा मिनिटांत निघून जातो. माती नीट दाबली नाही की पहिल्या पावसात ती बसते आणि तिथे घोटाभर खळगा होतो. आमच्याकडे एकदा धावणाऱ्या लहान मुलीचा पाय त्यात मुरगळला. तुटलेल्या मुळांवर परत ठेवलेलं गवत आठ दिवसांत पिवळं पडतं आणि हिरवळीवर गोल गोल चट्टे दिसायला लागतात. एकाने तर पाण्याची नळीच कापली, दोन दिवस पाणी बंद. ती हिरवळ परत आणायला वडिलांना अख्खा हंगाम लागला होता. त्या खड्ड्यातून काय निघालं असेल? एखादं झाकण.

बाग सगळ्यांची आहे, याचा अर्थ ती कुणीही खणावी असा होत नाही.

सरळमार्गी

+१

लोहचुंबक

@हिरवी_बोटं, तुमच्या वडिलांच्या जागी मी असतो तर मलाही तितकाच संताप आला असता. असे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळे कितीतरी बागांची दारं आम्हाला बंद झाली आहेत. पण नीट करता येतं.

आधी कॉइल उभी-आडवी फुलीसारखी फिरवून नेमकी जागा धरायची. वस्तू वरच असेल, म्हणजे चार-पाच सेंटीमीटरवर, तर खणायचंच नाही. बोथट स्क्रूड्रायव्हरने माती जरा सैल करून नाणं वर उचलायचं. खोल असेल तर गवत तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू तशीच जोडलेली ठेवायची, आणि पुस्तकाचं पान उलटावं तशी ती चकती उलटायची. निघालेली माती गवतावर न टाकता फडक्यावर. खड्ड्यात छोटा हातातला डिटेक्टर घालून बघायचं म्हणजे उगाच उकरणं होत नाही. मग फडक्यावरची सगळी माती परत आत, चकती जागेवर, पायाने दाबायची आणि पाणी घालायचं. दुसऱ्या दिवशी ती जागा मला स्वतःला सापडली नाही, तर काम चांगलं झालं असं मी मानतो. आणि निघालेला कचरा खिशात घालून न्यायचा, परत पुरायचा नाही.

हिरवी_बोटं

पद्धत बरोबर आहे. त्यात माझी भर घाला.

उन्हाळ्यात हिरवळीला हात लावायचा नाही, चकती कितीही सुबक कापली तरी. माती ओलसर असताना, पण चिखल नसताना. चकती पातळ कापू नका, मुळांसकट जाड हवी, नाहीतर ती चटईसारखी सुटून येते आणि मरते. झाडाच्या बुंध्याजवळ अजिबात नाही. अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. आणि दिव्यांच्या रांगेत खणू नका, खाली वीज असते. पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत हे माळ्याला विचारल्याशिवाय खुरपं लावू नये.

परवानगी लेखी घ्या. तोंडी हो म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर नसतो.

खापराचा_तुकडा

पुरातत्त्वाची विद्यार्थिनी आहे. माझा आक्षेप हिरवळीबद्दल नाही, मातीबद्दल आहे.

नाणं मातीत असतं तेव्हा त्याच्याजवळ दोन गोष्टी असतात: त्याच्यावर जे कोरलंय ते, आणि ते जिथे, ज्या थरात, ज्याच्या शेजारी पडलंय ते. बाहेर काढलं की पहिली गोष्ट हातात राहते आणि दुसरी कायमची जाते. खजिना हातात आला म्हणून ती परत येत नाही.

दोन उदाहरणं देते, दोन्ही डिटेक्टरवाल्यांची आणि दोन्ही त्यांच्या बाजूची. १९९२ साली इंग्लंडमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राची शेतात हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना रोमन काळातलं सोनं-चांदी लागलं. त्यांनी सगळं उपसलं नाही, वेळेवर कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी उरलेलं जागेवर उकरलं म्हणून कळलं की हा ऐवज एका लाकडी पेटीत, आतल्या लहान डब्यांत नीट रचून ठेवला होता. १४,८६५ नाणी निघाली. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

दुसरं इंग्लंडमधल्याच फ्रोमचं. २०१० साली डेव्ह क्रिस्प यांना मातीत नाणी आणि मग मडक्याचा काठ लागला. त्यांनी हात थांबवला. पुरातत्त्वज्ञांनी ते मडकं थराथराने रिकामं केलं. एकूण ५२,५०३ नाणी. आणि सगळ्यात उशिराच्या काळातली बरीचशी नाणी वर नव्हती, अर्ध्याच्या खाली होती. म्हणजे कुणी वर्षानुवर्षं मडक्यात बचत टाकत गेलं, ही सरळ वाटणारी कल्पना तिथे टिकेना. मडकं हात घालून उपसलं असतं तर नाणी तेवढीच मिळाली असती आणि हे कधीच कळलं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर तो देशागणिक वेगळा. आयर्लंडमध्ये १९८७ पासून पुरावस्तू शोधण्यासाठी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरायलाच बंदी आहे. फ्रान्समध्ये १९८९ च्या कायद्याने परवानगी लागते. इंग्लंडमध्ये १९९६ चा कायदा आहे, त्यात सापडलेला 'खजिना' चौदा दिवसांत कळवावा लागतो. भारतात निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा १८७८ चा, त्याने सापडलेला ऐवज जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. तुम्ही जिथे आहात तिथला कायदा आधी वाचा, यंत्र नंतर चालू करा.

सरळमार्गी

ताई, मुद्दा पटला, पण बागेत रोमन मडकं कुठून येणार? धागाकर्त्यांना खिशातून पडलेलं एक नाणं हवंय. त्याला कसला थर आणि कसला संदर्भ? पडलं आणि रुतलं, झालं.

खापराचा_तुकडा

बहुतेक वेळा तुमचंच खरं असेल, हे मान्य. बागेची वरची वीतभर माती कितीदा तरी हललेली असते. खतं घालताना, रोपं लावताना, आणि पुष्कळदा ती बाहेरून आणून टाकलेली भरावाची माती असते. बाग शंभर वर्षांची आणि नाणं तीनशे वर्षांचं निघालं म्हणजे तिथे पूर्वी वस्ती होती, असं लगेच म्हणता येत नाही. नाणं मातीबरोबर दुसरीकडून आलेलं असू शकतं.

पण आवाज आला तेव्हा खाली एक नाणं आहे की मडक्याचा काठ, हे खणण्याआधी तुम्हाला माहीत नसतं. म्हणून आम्ही साधी खूण सांगतो. एक सुटं नाणं निघालं, ठीक. त्याच खड्ड्यात दुसरं निघालं किंवा खापर, जळकी माती, रचलेले दगड दिसले, की हात बाहेर. फोटो काढा, जागा टिपून ठेवा, माती झाका आणि कळवा. आणि एकाच्या बाबतीतही जागा आणि खोली वहीत लिहा. दहा वर्षांनी त्या वहीतच बागेचा नकाशा तयार होईल.

पाणचक्की

अवांतर, पण राहवत नाही. पहिल्या मेटल डिटेक्टरांपैकी एक माणसाच्या शरीरावर वापरला गेला. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात नेमकी कुठे अडकली आहे ते कळेना, तेव्हा टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपलं यंत्र घेऊन गेले. गोळी सापडली नाही. अध्यक्ष ज्या गादीवर होते तिच्यात धातूच्या स्प्रिंगा होत्या, त्यांनी आवाजात गोंधळ केला. शिवाय डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरमध्ये ते वारले.

तत्त्व आजही तेच. कॉइलमधून सतत दिशा बदलणारा प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं, धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उठवतं, आणि त्या प्रवाहांचं उलट येणारं क्षेत्र दुसरी कॉइल ऐकते. नाणी शोधायची बहुतेक यंत्रं ३ ते ३० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. परत येणारी लहर किती मागे पडली त्यावरून तांबं की लोखंड याचा अंदाज बांधला जातो. लोहाचं प्रमाण जास्त असलेल्या मातीत माती स्वतःच बोलायला लागते, म्हणून सुरुवातीला यंत्र त्या मातीशी जुळवून घ्यावं लागतं.

आणि नाणी खाली का जातात? लोक म्हणतात वजनाने. मोठा वाटा गांडुळांचा. गांडूळ खालची माती खाऊन वर विष्ठा टाकतं, वर्षानुवर्षं. वस्तू बुडत नाही, तिच्याभोवतीची जमीन वर येते. यावरचा डार्विनचा अभ्यासही नेमका १८८१ सालीच प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाचे आडवे पडलेले दगड जमिनीत कसे रुतत गेले, हेसुद्धा त्याने खणून पाहिलं होतं.

निशिगंध

म्हणजे तिजोरी गांडुळांनी बांधली आणि किल्ली बेलने! @पाणचक्की, यावर वेगळा धागा काढा ना.

अबोली

मी नाणी शोधत नाही, पण हे सांगायलाच हवं. आईची अंगठी बागेत हरवली होती. मुलांबरोबर मी गवतात बसले होते, हात धुताना बोटातून सुटली असावी. दोन संध्याकाळी गुडघ्यावर बसून गवत चाळलं. तिसऱ्या दिवशी ओळखीतून एक मुलगा डिटेक्टर घेऊन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "बसला होतात त्याच दिशेला तोंड करून बसून दाखवाल का?" मी बसले. त्याने माझ्या उजव्या हाताच्या अंतरात दोरीने चौकोन आखला आणि आडव्या ओळी धरून चालत राहिला. पाऊण तास गेला. सात झाकणं निघाली. आठव्यांदा त्याने खुरपं काढलं नाही, बोटांनी गवत बाजूला केलं आणि मला म्हणाला, "तुम्हीच उचला."

आई गेल्यानंतरची दोन वर्षं त्या क्षणी एकदम माझ्यासमोर आली. त्याने काही घेतलं नाही. त्यामुळे बागेत कुणी ते यंत्र घेऊन दिसलं की मला राग येत नाही.

लोहचुंबक

@अबोली, वाचून गप्प बसलो. आमच्यातल्या बऱ्याच जणांना चांदीच्या नाण्यापेक्षा अशी अंगठी परत करण्यात जास्त आनंद असतो.

हिरवी_बोटं

यासाठी मी स्वतः गेट उघडून देईन.

टांकसाळ

नाणी गोळा करणाऱ्यांसाठी माझी एकच विनंती: घासू नका.

मातीतून निघालेल्या तांब्याच्या नाण्यावर जी हिरवी-तपकिरी कातडी असते ती मळ नाही. धातू आणि माती यांच्यात इतक्या वर्षांत झालेला तो तह आहे, आणि पुष्कळदा अक्षरं त्या थरातच शिल्लक असतात, खालच्या धातूत नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर, टूथपेस्ट, राख यातलं काहीही लावलं की नाणं चकचकीत होतं आणि मरतं. चांदीवरही तेच. बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात. मी स्वतः चौदाव्या वर्षी आजोबांचं एक नाणं घासून लख्ख केलं होतं. त्यांनी काही म्हटलं नाही, हातात धरून नुसतं बघत राहिले. ते अजून माझ्याकडे आहे, त्यावरचं साल आता वाचता येत नाही.

डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा, माती आपोआप सुटेल. हवं तर अणकुचीदार लाकडी काडीने अलगद. मग पूर्ण कोरडं करा. पण भुरभुरीत फिकट हिरवे ठिपके दिसले तर तो वेगळा रोग आहे. ते नाणं इतरांपासून बाजूला, कोरड्या डबीत ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

निशिगंध

खणखणीत बंद्या रुपयासारखा आवाज असं आपण म्हणतो ना, तो आवाज यंत्रालाही येतो का?

लोहचुंबक

गंमत म्हणजे येतो! चांदीचा आवाज उंच, गोल आणि स्वच्छ असतो, दोन्ही बाजूंनी कॉइल नेली तरी तसाच. गंजलेलं लोखंड एका बाजूने चांदीसारखं गोड बोलतं आणि दुसऱ्या बाजूने घसा बसल्यासारखं. खोटं नाणं ओळखायला पूर्वी दगडावर वाजवून बघत, हा त्यातलाच प्रकार समजा.

कोरा_कागद

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले होते.

बागेच्या कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी सरळ नाही म्हणाले. दुसऱ्यांदा @हिरवी_बोटं यांनी सांगितलेलं सगळं एका पानावर लिहून नेलं: कुठे खणणार नाही, किती खोल जाणार नाही, कुठल्या ऋतूत येणार नाही, आणि सापडलेली प्रत्येक वस्तू दाखवीन. त्यांनी ते मुख्य माळीबुवांना वाचायला दिलं. माळीबुवांनी मधली हिरवळ नाकारली, पण मागच्या कुंपणालगत नवी पायवाट होणार आहे, तिथली माती तशीही उचलणार आहेत. तो पट्टा आठ दिवसांसाठी मिळाला, लेखी. इथला कायदाही त्यांनीच समजावून सांगितला.

आठ दिवसांत निघालं ते असं: एकसष्ट झाकणं, खिळे मोजले नाहीत, पितळी बटण एक, खेळण्यातल्या मोटारीचं चाक, सात चालू नाणी, आणि माळीबुवांची दोन वर्षांपूर्वी हरवलेली पाण्याच्या खोलीची किल्ली. ती दिल्यावर त्यांनी बसायला स्वतःची खुर्ची दिली.

सातव्या दिवशी उंच आवाज आला, दोन्ही बाजूंनी सारखा. बारा सेंटीमीटरवर. चपटं, जाड, काळसर हिरवं नाणं. तळहातावर धरून मी तिथेच मातीत बसलो. मुलगी शेजारी होती, तीही बोलली नाही. त्याच खड्ड्यात पुन्हा कॉइल फिरवली, आणखी काही नव्हतं, खापरही नाही. जागा, खोली, तारीख लिहून ठेवली. माळीबुवांना दाखवलं, कार्यालयाच्या नोंदवहीत चढवलं, आणि ओळख पटेपर्यंत ते माझ्याकडेच ठेवा असं त्यांनी लिहून दिलं.

@टांकसाळ, घासलेलं नाही. डिस्टिल्ड पाण्यात पाच दिवस झाले. एका बाजूला काहीतरी अर्धगोल दिसतं, दुसरी बाजू अगदी गुळगुळीत. कसं ओळखायचं?

खापराचा_तुकडा

जागा आणि खोली लिहिलीत! फार बरं वाटलं.

हिरवी_बोटं

पायवाटेचं काम झालं की कडेने माती कोरी पडेल. माळीबुवांना विचारून तिथे गवत लावायला जा. किल्लीनंतर ते नाही म्हणणार नाहीत.

टांकसाळ

अभिनंदन! घाई करू नका. नीट वाळलं की खोलीत अंधार करा आणि बॅटरी अगदी आडवी, टेबलाला टेकवून धरा. उजेड एका कडेने येऊ द्या आणि नाणं हळूहळू फिरवा. समोरून प्रकाश टाकला की सपाट दिसणारी बाजू कडेच्या प्रकाशात बोलते. प्रत्येक कोनाचा फोटो काढा.

मग व्यास, जाडी आणि वजन, वजन शक्यतो ०.१ ग्रॅमपर्यंत. चित्र पुसलं तरी ही मापं फारशी खोटं बोलत नाहीत. काठावर उभ्या रेषा आहेत की साधा आहे ते बघा. आणि दोन्ही बाजूंवर काही दिसलं तर नाणं उभ्या अक्षावर फिरवून बघा, मागचं चित्र सरळ राहतं की डोक्यावर उभं. वेगवेगळ्या टांकसाळींची यात वेगवेगळी रीत असते, त्यावरून निम्मी नावं गळतात.

कोरा_कागद

आत्ताच मुलीने बॅटरी धरली. काठ साधा आहे. व्यास २५ मिलिमीटरच्या जरा वर. गुळगुळीत बाजूला खालच्या कडेशी चार उभ्या खुणा दिसताहेत, आकडे असावेत. पहिला १ वाटतोय. फोटो चढवतो.